गवरीचे हात आणि तोंडातलं पाणी

आमच्या घरात गवर आणणारी पोरगी बोलत न्हाय. विहिरीवर तोंडात पाण्याची चूळ धरायची, गवरीचं ताट दोन्ही हातांत घ्यायचं आणि घरातल्या तुळशीपर्यंत मागं वळून न बघता चालायचं. चूळ तुळशीत सोडली की मग काय बडबडायचं ते बडबड. वाटेत पाणी सांडलं, गिळलं, न्हायतर तोंडातनं शब्द गेला, तर गवर परत विहिरीवर. हा नेम.

आता ह्या नेमाला अख्ख्या अनगोळात कोण सगळ्यात नालायक असंल तर ती मी.

कारण मी आवाज काढते. घर आमचं बेळगावातल्या अनगोळचं, पण पप्पांची नोकरी निपाणीत, त्यामुळं माझी सगळी शाळा निपाणीत झाली. तिथं स्टँडवरचे कंडक्टर, भाजीवाल्या, शाळेतल्या बाई, सगळ्यांचे गळे मी उचलून आणलेत. कॉलेजला बेळगावला आले आणि मोठ्या घरात राहायला लागले, तवा इथलेबी गळे मिळाले. मम्मी तिकडनं फोन करायची, मी मोठ्या आईच्या आवाजात सांगायची, "पोरगी अभ्यासाला बसलीया, नंतर कर गं." मम्मी खूश. हे उघडं पडल्यावर काय झालं ते सांगत न्हाय.

मोठी आई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. मराठी शाळेत शिकवायची, आता रिटायर झालीया, पण घर अजून वर्गासारखंच चालवते. तिचा नवरा, आमचे आप्पा, कोर्टात पुकारा करायचे. केस आली की दारात उभं राहून नाव घ्यायचं, बाहेर झाडाखाली चहा पिणाऱ्या माणसाला ते ऐकू गेलं पायजे. आप्पांनी नाव घेतलं की चहावाल्याच्या हातातली गाळणी हलायची म्हणत्यात. रिटायर झाले पण आवाज काय रिटायर झाला न्हाय. घरात मीठ मागितलं तरी वाटतंय, आता कोणाला तरी शिक्षा होणार.

तो आवाज माझा सगळ्यात भारी माल. पोटातनं काढायचा, हनुवटी गळ्याला लावायची, आणि शेवटचं अक्षर सोडायचं न्हाय, ओढायचं. मला तो एवढा जमायचा की आप्पा स्वतः दुसऱ्या खोलीतनं म्हणायचे, "मी तर काय बोललो न्हाय. कोण बोललं?"

आता गवर. आमच्यात मुखवट्याची गवर न्हाय, झाडापाल्याची हाय. तेरडा, आघाडा, विहिरीतले सात खडे आणि कळलावी. कळलावीची फुलं म्हणजे गवरीचे हात. तुम्ही बघितली असतील तर सांगायला नको. बघितली नसतील तर असं समजा, पिवळ्या-तांबड्या ज्वाळा वरच्या बाजूला वळवून कोणीतरी बोटं पसरलीत. पाकळ्यांच्या कडा नागमोडी. पानाचं टोकबी गप बसत न्हाय, शेजारच्या काटेरी झुडपाला बोटासारखं गुंडाळून धरतंय. श्रावणात काकतीकडच्या कुंपणांवर, बांधावर ती अशी फुटती की गाडी थांबवून बघावं वाटतं.

आणि दिसायला जेवढी देखणी तेवढीच विषारी. दरवर्षी गवरीच्या आदल्या दिवशी मोठी आई ह्याच्यावर भाषण करते. मला ते पाठ हाय, हातवाऱ्यासकट.

"बघा गं पोरींनो. फूल ते गवरीचं. पान ते उवांचं, पूर्वी वाटून डोक्याला लावायचे, डोळ्यात गेलं तर आठवडाभर रडायचं. आणि मूळ ते यमाचं. मुळाला हात लावायचा न्हाय. फुलं तोडायची ती देठासकट, फडक्यात धरून. घरी आल्यावर साबणानं हात धुवायचे, मग दुसरं काम. आणि ल्हान पोर जवळ नको म्हणजे नको."

मग ती मुळाची गोष्ट सांगायची. आप्पांच्या आईला कळा लवकर येईनात, तवा गल्लीतल्या सुईणीनं कळलावीचं मूळ दोऱ्यानं तिच्या कमरंला बांधलं. नुसतं बांधायचं, पोटात काय द्यायचं न्हाय. आणि पोर बाहेर आलं की त्याच मिनिटाला दोरा तोडून मूळ लांब पुरायचं, न्हायतर बाईची आतडीबी मागोमाग येतील अशी समजूत. नाव तिथनंच पडलं, कळा आणणारी. सुईणीनं दोरा तोडला आणि आप्पांनी पहिला टाहो फोडला.

"तिथनंच पुकारा सुरू झाला," आप्पा मिशीतनं सांगायचे.

"आत्ताबी बांधायचं का गं मोठी आई?" मी एकदा विचारलेलं.

"आता दवाखाना हाय. आता कोणी मूळ आणलं तर त्यालाच बांधून ठेवीन."

गवर आणायचा मान दरवर्षी आक्काचा असायचा. आक्का म्हणजे मोठ्या आईची लेक. ती चालती अशी की ताटातला खडाबी हलायचा न्हाय. पण ह्या वर्षी आक्का आठव्या महिन्यात, सासरी पुण्याला. घरात पोरगी उरली एक. मी.

बातमी गल्लीत गेली आणि शेजारच्या मावशी दारात आल्या. ह्या मावशींना आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी कळतं.

"ह्या पोरीच्या तोंडात पाणी टिकतंय व्हय?" त्या मोठ्या आईला म्हणाल्या. "हिच्या तोंडात घास टिकत न्हाय, बोलताना बाहेर येतोय."

"टिकंल की," मोठी आई म्हणाली. पण तिनं माझ्याकडं बघितलं ते पेपर कोरा देणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

खरं सांगते, मला तो मान पायजे होता. लई पायजे होता. नकला केल्या की सगळी हसत्यात, टाळ्या देत्यात, आणि कामाची गोष्ट आली की म्हणत्यात, हिला नको, ही थट्टा करंल. लग्नात अक्षता वाटायच्या असल्या तरी दुसऱ्या पोरीला. मला एकदा ताट हातात धरून, तोंड मिटून, आक्कासारखं चालत दारात यायचं होतं. मी आठवडाभर सराव केला. आरशासमोर चूळ धरायची आणि स्वतःच्याच तोंडाकडं बघायचं. पहिल्या दिवशी आरसा भिजला. शेवटी शेवटी मी चूळ धरून झाडलोट करत होते, आणि सणाला आलेली मम्मी घाबरून पप्पांना म्हणाली, "पोरीला काय झालंय बघा की, सकाळपासनं शांत हाय."

गवरीच्या दिवशी अण्णाला कळलावी आणायला काकतीकडं पाठवलं. अण्णा म्हणजे मोठ्या आईचा लेक, वकिलाकडं काम करतोय, शिकलाय लई, पण झाडात त्याला कोथिंबीर आणि बाकीचं, एवढंच कळतं. विहिरीवर आम्ही बायका तेरडा, आघाडा लावत बसलेलो. अण्णा मोटरसायकलवरनं आला तो अख्खा वेल खांद्यावर टाकून. मुळासकट. वर शहाणपण म्हणजे पंपावर धुऊन आणलेली मुळं, माती नको म्हणून.

मोठ्या आईचा आवाज चढला. "अरं, फुलं सांगितलीती! बांध उपटून आणलास व्हय?"

"आई, मुळासकट ताजी राहतील म्हटलं."

"ताजी राहतील! तुला हात धुवायला तरी कळतंय का? धू आधी!"

ती मुळं मी पहिल्यांदाच एवढी जवळनं बघितली. बोटभर जाड, गुळगुळीत, मधेच वाकलेली, नांगरासारखी. आणि एक गोष्ट तवाच मनात आली, पण हसण्यावारी गेली. ती दिसायला रताळ्यासारखी होती. बेळगावच्या माणसाला रताळं दिसणार न्हाय तर काय दिसणार? आमच्याकडं रताळं म्हणजे भाजी न्हाय, घरातलं माणूस हाय. नुकती हरताळका झालेली, उपासाची उकडलेली रताळी घरात दोन दिवस पुरलीती. अण्णाची लेक, माझी भाची, तीन वर्षांची, तिच्या हातात तर सारखा रताळ्याचा तुकडाच. झोपली तरी मुठीत रताळं.

मोठ्या आईनं फुलं कापून घेतली, मुळं पिशवीत घातली, गाठ मारली. "घरी ने. परसात खड्डा काढ आणि पूर. आधी पूर, मग बाकीचं."

"व्हय व्हय," म्हणत अण्णा पुढं गेला.

मी चूळ भरली. ताट घेतलं. तांबडी-पिवळी बोटं माझ्या नाकासमोर, मागं मम्मी, मोठी आई, शेजारच्या मावशी आणि गल्लीतल्या बायका, कोणाच्या हातात घंटी, कोणाच्या हातात थाळी. सगळ्यात मागं आप्पा. आणि मी चालायला लागले.

आई गं, काय परीक्षा होती! गल्लीतल्या पोरींनी ठरवूनच ठेवलेलं. एकजण समोर येऊन कंडक्टरासारखी म्हणाली, "चला, सुट्टे काढा." दुसरीनं माझीच नक्कल केली, गाल फुगवून. मी बघितलंच न्हाय. किराणाच्या दुकानापाशी दुकानदार म्हणाला, "आज रेडिओ बंद हाय वाटतं." पाणी नाकापर्यंत आलं, पण बाहेर न्हाय आलं. मागनं मावशींचा आवाज ऐकू आला, "टिकवलं बाई पोरीनं." मला तवा वाटलं, आक्का, बघ गं, पुण्यातनं बघ.

कोपरा वळला आणि आमचं फाटक दिसलं. फाटकाच्या अलीकडं अण्णा, फोन धरून आमचा व्हिडिओ काढतोय, पाठ घराकडं. मागच्या बायकांचं लक्ष फोनकडं, पदर सारखा करण्यात. वहिनी, अण्णाची बायको, पाय धुवायचा तांब्या आणायला आत गेलेली. आणि फाटकाच्या कडीला अण्णानं अडकवलेली ती पिशवी. पुरायची राहिली होती. खाली बसून भाचीनं पिशवी फाडलेली. तिच्या हातात मूळ होतं, धुतलेलं, गुळगुळीत, आणि ते ती तोंडाकडं नेत होती.

हे फक्त मला दिसत होतं. पुढं मीच होते.

ताट टाकून पळावं तर पोहोचेपर्यंत चावली असती. आणि आमची भाची अशी, तिच्याकडं कोण पळत आलं की तिला खेळ वाटतो, ती हातातलं तोंडात कोंबून पळते. आई नको म्हणाली की आधी खाते, मग ऐकते. अख्ख्या घरात ती एकाच माणसाचं ऐकते. तो माणूस पार शेवटाला, थाळ्यांच्या दणक्यात, घंटी वाजवत होता.

मी चूळ सोडली. सगळी अण्णाच्या फोनवर गेली. हनुवटी गळ्याला लावली, पोटातनं आवाज काढला आणि शेवटचं अक्षर ओढलं.

"एऽऽ! थूक! थूक तेऽऽ!"

थाळ्या बंद. घंटी बंद. दुकानातला रेडिओ बंद. भाचीनं दोन्ही हात वर केले, मूळ खाली पडलं, आणि तोंड एवढं मोठं उघडून ती थुंकली. एकदा, दोनदा, मग भोकाड पसरलं.

मागनं आप्पा हळूच म्हणाले, "मी तर काय बोललो न्हाय."

मग सगळ्यांना दिसलं. वहिनी आतनं तांब्यासकट पळत आली. ती धारवाडची, घाबरली की तिचं मराठी पळून जातं. "एनू तिंदळू? एनू तिंदळू?" काय खाल्लं, काय खाल्लं, एवढंच. मोठ्या आईनं मूळ उचललं. त्याच्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या, पण तुकडा गेलेला न्हवता. तांब्यातल्या पाण्यानं पोरीचं तोंड धुतलं, हात धुतले, मूळ कागदात गुंडाळून बरोबर घेतलं, डॉक्टरला दाखवायला, आणि समोरच्या रिक्षात बसून मोठी आई, आप्पा, वहिनी, अण्णा सगळी दवाखान्यात गेली. अण्णाचं तोंड बघवत न्हवतं.

आणि मी गल्लीच्या मधोमध उभी. ताट हातात. गवरीचं ताट वाटेत खाली ठेवायचं नसतं. फुलं तशीच नाकासमोर, आणि तोंड रिकामं.

"मोडला बाई नेम," शेजारच्या मावशी म्हणाल्या. वाईट बोलायचं म्हणून न्हाय, पण त्यांना बोलल्याशिवाय राहवत न्हाय, जसं मला राहवत न्हाय.

मम्मी माझ्याजवळ आली आणि ताटाला एका बाजूनं हात लावला. आम्ही दोघी गवर परत विहिरीवर घेऊन गेलो. बायका मागं आल्या. विहिरीच्या काठावर ताट ठेवलं, वर फडकं टाकलं आणि सगळ्या वाट बघत बसलो.

फोन आला. अण्णाचा. पोरगी बरी हाय, बिस्किट मागतीया. पण ह्याचं विष उशिरा अंगात भिनतं म्हणून डॉक्टर उद्यापर्यंत सोडणार न्हाय. "डॉक्टर म्हणाले, एनू आगिल्ला, काय झालं न्हाय, पण बघूया," अण्णा बोलला. मम्मीनं फोन घेतला.

ऊन कलल्यावर मोठी आई आणि आप्पा रिक्षातनं थेट विहिरीवर उतरले. मोठ्या आईनं हात धुतले, पाय धुतले, ताटावरचं फडकं काढलं. फुलं जरा मलूल झालती, तिनं पाणी शिंपडलं.

मावशी उठल्या. "काय करायचं? पलीकडच्या घरातली पोरगी तयार हाय बघा. हिचा तर नेम मोडला."

"मोडला की," मोठी आई म्हणाली. "म्हणून तर गवर परत आलीया. नेम मोडला तर गवर परत न्यायची, असं आपल्यात हाय. पोरगी बदलायची, असं कुठं हाय? मला तरी कोणी शिकवलं न्हाय. तुम्हाला शिकवलंय?"

मावशींना शिकवलेलं न्हवतं.

"मग झालं. ये गं इकडं." तिनं ओंजळीत पाणी धरलं माझ्यासमोर. शाळेत चाळीस वर्षं पोरांना घडवलेली बाई ती, कौतुक सहसा तोंडावर करत न्हाय. पण पाणी देताना म्हणाली, "आवाज पोटातनं काढलास. बरोबर काढलास." मी बोलणार होते, पण तोंडात पाणी होतं. तिनं मुद्दामच आधी पाणी दिलं, मग बोलली.

आणि मग आप्पांनी काय केलं, ऐका. ह्या वेळी ते मागं न्हाय थांबले. पुढं झाले, माझ्या चार हात पुढं, छाती काढली आणि कोर्टात ओरडायचे तसं गल्लीत ओरडले,

"गौराईऽऽ! हाजर होऽऽ! गौराई, वस्ती अनगोळऽऽ!"

दुकानदार बाहेर आला. पोरी बाहेर आल्या. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. दर चार घरांना आप्पा थांबायचे आणि गवरीला हाजर करायचे, मधेच वळून माझ्याकडं बघायचे, मिशी हलवून. माझ्या पोटात हसू असं उसळत होतं की डोळ्यातनं पाणी यायला लागलं. मला तवा कळलं की मी आजपर्यंत लोकांच्या पोटात काय करून ठेवत होते. पण तोंडातलं पाणी थेंबभर हललं न्हाय. आक्कासुद्धा ह्या पुकाऱ्यापुढं टिकली नसती, हे मी तिला फोनवर सांगितलंय, आणि तिनं मान्य केलंय.

दारात मम्मीनं पायावर पाणी घातलं. आतनं एकीनं विचारलं, "गवर आली, कशाच्या पावलानं आली?" बायकांनी उत्तर दिलं, सोन्याच्या, रुप्याच्या, दुधाच्या, दह्याच्या. मी तुळशीपाशी गेले आणि चूळ सोडली. सगळी माझ्याकडं बघत होती, आता ही काय आवाज काढणार म्हणून. मी म्हटलं, "भूक लागलीया." माझ्याच आवाजात. भाजी-भाकरीचा निवद दाखवला आणि जेवलो. मावशींनी स्वतःच्या हातानं मला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची घरी आली. पुरणपोळीचा वास, गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला आलेल्या. अण्णानं परसात केवढा खड्डा काढला होता म्हणून सांगू, मूळ बोटभर आणि खड्डा गुडघाभर. वहिनीनं पोरीला माझ्या मांडीवर आणून बसवलं, माझ्या केसांवरनं हात फिरवला आणि आत गेली.

भाचीनं गवरीकडं बघितलं. तांबडी-पिवळी बोटं पसरून गवर उभी होती. पोरीनं हनुवटी गळ्याला लावली, एक बोट वर केलं आणि त्या फुलांना दम दिला,

"एऽऽ! थूक तेऽऽ!"

सगळी बायकामंडळी हसून कोलमडली. आप्पा बाहेरनं म्हणाले, "मी तर काय बोललो न्हाय!" मी एकटी हसले न्हाय, मी नीट ऐकत होते. शेवटचं अक्षर तिनं बरोबर ओढलं होतं. आवाज अजून जरा नाकातनं येत होता. शिकंल. कोणाची भाची हाय.